आपले मूल आणि सरासरीचे मूल

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्याते अध्यापक-महाविद्यालयातून निवृत्त झालेले मानसशास्त्राचे प्राध्यापक असून संस्थेच्या शिष्यवृत्ती समितीचे माजी सभासद आहेत.)



आत्ताच आपण सर्वांनी टाळ्यांच्या गजरात आपल्या ज्ञातीतील गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक केले. एकामागून एक नावे पुकारली गेली. मुले व्यासपीठावर आली, श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र स्वीकारून, वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करून आपल्या जागी गेली. त्यांच्या आईवडिलांच्या मुद्रेवरील समाधान मी येथून पाहत होतो आणि त्या समाधानात मीही मनःपूर्वक सहभागी आहे. परंतु व्यासपीठावरून मला आणखीही काही दिसत होते. ह्याच सभागृहाच्या मागच्या रांगांत अशी कितीतरी मुले बसली आहेत की ज्यांची नावे आज पुकारली गेली नाहीत. तीही टाळ्या वाजवीत होती. मात्र टाळ्या वाजविताना शेजारी बसलेल्या आपल्या आईकडे पाहण्याचे ती टाळीत होती. आजचे माझे चार शब्द मुख्यतः त्या मुलांविषयी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहेत.

कार्यवाहांनी मला विषय दिला आहे तो 'व्यक्तिविकासाचे मानसशास्त्र' हा. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून मी आपणांपुढे एकच प्रश्न ठेवणार आहे. एखाद्या मुलाची वाढ ठीक चालली आहे किंवा नाही, हे आपण कशावरून ठरवितो?

आपल्या घरांतून ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा तयारच असते. ते शेजारच्या घरावरून दिले जाते. थोरल्या जावेचा मुलगा दहाव्या महिन्यात चालू लागला, आमचा वर्षाचा झाला तरी अजून भिंत धरूनच उभा आहे. मामांची मुलगी बालवर्गात अख्खी कविता म्हणून दाखविते, आमची तोंड उघडत नाही. मूल शाळेत जाऊ लागले की ह्या तुलनेला अंकांचे रूप येते आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी तर साऱ्या नातलगांचे दूरध्वनी ह्या एकाच हिशेबासाठी वाजू लागतात. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हण जुनी आहे, म्हणून तिला मान द्यावा. परंतु ती कितपत खरी आहे, हेही एकदा तपासून पाहावे.

चालण्यापासूनच आरंभ करू. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका ह्या पाच देशांतील ८१६ निरोगी बालकांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. आपल्या देशातील बालके दिल्लीची होती. मूल आधाराशिवाय कधी बसले, कधी रांगले, कधी उभे राहिले, स्वतःच्या पायांनी कधी चालले, ह्याची काळजीपूर्वक नोंद ठेवण्यात आली. निष्कर्ष असा निघाला, की निरोगी मूल आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ साधारण ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारे मूलही निरोगी आणि सतराव्या महिन्यात चालणारेही निरोगी! दुसरी गोष्ट अधिक मौजेची आहे. शंभरांतील सुमारे चार बालके हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. रांगण्याची पायरी गाळून ती सरळ पुढे गेली आणि तरीही यथाकाल चालू लागली. पाठ्यपुस्तकात वाढीच्या पायऱ्या जिन्यासारख्या एकाखाली एक छापलेल्या असतात. परंतु प्रत्यक्षातील मूल ते पुस्तक वाचून जन्माला येत नाही.

आता उंचीचे पाहा. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा असतील. वाढदिवसाला मुलाला चौकटीशी टाच टेकवून उभे करावयाचे, डोक्यावर पुस्तक आडवे धरावयाचे, खूण करून तारीख घालावयाची, हा घरगुती प्रघात आपण जाणतोच. मानवी वाढीच्या शास्त्रात ह्या प्रघाताला मोठा मान आहे. फ्रान्समध्ये मोंबेयार नावाच्या एका सरदाराने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची दर सहा महिन्यांनी मोजून ठेविली. हे व्रत त्याने मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत चालविले. त्याचा मित्र, विख्यात निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ, ह्याने त्या नोंदी आपल्या ग्रंथात छापल्या. एकाच व्यक्तीची जन्मापासून प्रौढत्वापर्यंत क्रमाने ठेवलेली ही पहिली प्रसिद्ध नोंद होय. तिचा आलेख काढला असता स्पष्ट दिसते, की मुलगा आरंभी वेगाने वाढतो, मग हा वेग मंदावत जातो आणि पौगंडावस्थेत तो एकाएकी झेप घेतो.

ह्यानंतर सुमारे साठ वर्षांनी बेल्जममधील केतले ह्या संख्याशास्त्रज्ञाने निराळी पद्धत वापरली. एकाच मुलाच्या मागे अठरा वर्षे कोण थांबणार? त्यापेक्षा निरनिराळ्या वयांच्या पुष्कळ मुलांना एकदाच मोजावे आणि प्रत्येक वयाची सरासरी काढावी, असा त्याचा विचार होता. १८३५ च्या त्याच्या ग्रंथातून 'सरासरीचा मनुष्य' ही कल्पना जगभर पसरली. पद्धत सोयीची होती, आकडेही खरे होते. परंतु त्याच्या आलेखात पौगंडावस्थेतील ती झेप दिसेनाशी झाली!

असे का व्हावे? ह्याचे उत्तर समजण्यासाठी एक सोपे, कल्पित उदाहरण घेऊ. तीन मुलगे आहेत. एकाची झेप बाराव्या वर्षी येते, दुसऱ्याची चौदाव्या आणि तिसऱ्याची सोळाव्या. आपल्या झेपेच्या वर्षी प्रत्येकजण ९ सेंटिमीटर वाढतो आणि इतर वर्षी ५ सेंटिमीटर, असे धरू. आता बाराव्या वर्षाची सरासरी काढा. एकाचे ९ आणि दोघांचे पाच-पाच, म्हणजे सहाच्या किंचित वर. चौदाव्या वर्षीही तेच, सोळाव्या वर्षीही तेच. तिन्ही मुलांनी झेप घेतली, परंतु सरासरीच्या मुलाने ती कधीच घेतली नाही. सहा सेंटिमीटरांच्या चालीने वाढणारा तो मुलगा ह्या तिघांपैकी कोणीही नव्हे. तो कागदावरचा मुलगा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्झ बोआस ह्या मानववंशशास्त्रज्ञाने हे मर्म उघड केले. प्रत्येक मुलाच्या वाढीची लय त्याची स्वतःची असते आणि निरनिराळ्या लयींची मुले एकत्र मिसळली की प्रत्येकाची लय हरवते, असे त्याचे सांगणे होते.

बंधुभगिनींनो, हे केवळ उंचीपुरते असते तर मी आपला एवढा वेळ घेतला नसता. मनाच्या वाढीच्या बाबतीत हीच चूक अधिक सहजपणे होते, कारण मनाला फूटपट्टी लावता येत नाही. अनेक व्यक्तींची एकमेकींशी तुलना करून जो नियम निघतो, तो एका व्यक्तीच्या आयुष्याला जसाच्या तसा लागू पडतोच असे नाही. हे दाखविण्यासाठी मानसशास्त्रज्ञ टंकलेखनाचे एक उदाहरण देतात. एखाद्या कचेरीतील सर्व टंकलेखकांची पाहणी केली, तर जे जलद टंकलेखन करतात त्यांच्या चुका कमी आढळतात, कारण ते सरावलेले असतात. ह्यावरून एखाद्या नवशिक्याला कोणी उपदेश केला, की 'तू वेग वाढव, म्हणजे तुझ्या चुका कमी होतील', तर काय होईल? चुका दुप्पट होतील! दहाजणांमध्ये जे खरे, ते एकाच्या बाबतीत नेमके उलटे ठरले. 'वर्गातील हुशार मुले रात्री जागून अभ्यास करतात, म्हणून तूही जाग' असे सांगणाऱ्या पालकांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे.

ह्या शास्त्रातही हा वाद जुना आहे. गॉर्डन ऑलपोर्ट ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३७ साली आपल्या व्यक्तिमत्त्वावरील ग्रंथात असे प्रतिपादन केले, की सर्वसामान्य नियम शोधणे हे जसे मानसशास्त्राचे काम, तसेच एक विशिष्ट व्यक्ती समजून घेणे हेही त्याचेच काम होय. पुढे २००४ साली पीटर मोलेनार ह्या डच शास्त्रज्ञाने गणिताच्या आधारे दाखवून दिले, की समूहावरून काढलेला निष्कर्ष एका व्यक्तीला लागू पडण्यासाठी अत्यंत कडक अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. आणि जी गोष्ट काळानुसार बदलत असते, ती ह्या अटी पुऱ्या करीत नाही. विकास म्हणजे तर काळानुसार बदलणेच! म्हणून ज्याला मुलाचा विकास समजून घ्यावयाचा आहे, त्याला त्या मुलाच्या मागे काही काळ चालावेच लागते.

ह्यावर कोणी म्हणेल, 'मग बुद्धिमापनाच्या चाचण्यांचे काय? बुद्ध्यंक तर जन्मभर कायम राहतो ना?' ह्या समजुतीचा इतिहास बोधप्रद आहे. बुद्धिमापनाचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्या आल्फ्रेड बिने ह्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने आपल्या अभ्यासाचा आरंभ स्वतःच्या घरी, आपल्या दोन चिमुरड्या मुलींच्या निरीक्षणाने केला होता. १८९० साली त्याने लिहिले, की त्या दोघी चालावयास शिकल्या तेव्हाच त्यांचे स्वभाव निरनिराळे दिसले. थोरली गंभीरपणे, जवळच्या आधाराचा अंदाज घेत पाऊल टाकी. धाकटी हसत हसत, कोठे जाऊन पडू ह्याची पर्वा न करता खोलीभर झोके खात जाई. एकच आई, एकच बाप, एकच घर. परंतु चाली दोन.

हाच बिने पुढे १९०४ साली फ्रेंच सरकारने नेमलेल्या एका समितीवर होता. वर्गात मागे पडणाऱ्या ज्या मुलांना विशेष शिक्षणाची गरज आहे, ती कशी ओळखावी, हा प्रश्न समितीपुढे होता. त्यातून १९०५ साली बिने आणि त्याचा सहकारी सिमाँ ह्यांची चाचणी जन्मास आली. चाचणीचा हेतू मुलाला मदत मिळावी हा होता, त्याच्या कपाळावर शिक्का मारावा हा नव्हता. परंतु लोकांनी तिचा शिक्काच केला. १९०९ साली, मृत्यूपूर्वी दोनच वर्षे, बिने ह्याने ह्या प्रवृत्तीचा कडक शब्दांत निषेध केला. बुद्धी ही ठरीव, न वाढणारी वस्तू आहे असे मानणे हा निर्दय निराशावाद आहे, असे त्याचे मत होते. त्याच चाचणीचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतर करण्याचे परिश्रम आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत ह्यांनी केले आणि १९४० साली भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावर त्यांचा ग्रंथ निघाला. चाचणी हे उपयुक्त साधन आहे ह्यात शंका नाही. तापमापक उपयुक्त असतो. परंतु एका सकाळच्या तापावरून कोणी माणसाची प्रकृती जन्मभरासाठी ठरवीत नाही.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की ह्याने हाच मुद्दा एका उदाहरणाने स्पष्ट केला. तो १९३४ साली अवघ्या सदतिसाव्या वर्षी निवर्तला, परंतु त्याचे हे विवेचन शिक्षणशास्त्रात चिरस्थायी झाले. समजा, दहा वर्षांची दोन मुले आहेत. चाचणीत दोघांचेही मानसिक वय आठ वर्षांचे निघाले. म्हणजे दोघेही सारखेच, असे आपण म्हणू. आता दोघांनाही थोडी मदत द्या; एखादा प्रश्न विचारून दिशा दाखवा, आरंभ करून द्या. तेवढ्या मदतीने एक मुलगा नऊ वर्षांच्या मुलाला जमणारी उदाहरणे सोडवितो आणि दुसरा बारा वर्षांच्या मुलाची. आता हे दोघे सारखे म्हणावयाचे काय? मूल एकट्याने काल काय करू शकले हे परीक्षा सांगते. हात दिल्यास उद्या ते काय करू शकेल, हे ती सांगत नाही.

आणि हात दिल्याने काय होते, ह्याचा पुरावा मी आता सांगणार आहे. पॅसिफिक महासागरात हवाई बेटांपैकी कौआई नावाचे एक बेट आहे. तेथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांच्या आयुष्याचा मागोवा एमी वर्नर ह्या विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी घेतला. पहिल्या वर्षी, दुसऱ्या वर्षी, मग दहाव्या, अठराव्या, बत्तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी त्याच व्यक्तींची पुन्हा पुन्हा भेट घेण्यात आली. ह्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला जन्मापासूनच हालअपेष्टा आल्या होत्या. घरी दारिद्र्य, जन्माच्या वेळची गुंतागुंत, आईबापांतील बेबनाव किंवा त्यांचे मानसिक आजार अशी एकावर एक संकटे होती. 'पाळण्यातले पाय' पाहून भविष्य सांगणाऱ्याने ह्या साऱ्यांचे भविष्य अंधारे सांगितले असते. त्यांतील दोन तृतीयांश मुलांना पुढे अडचणी आल्या हे खरेच. परंतु उरलेली एक तृतीयांश मुले कर्तबगार, आत्मविश्वासू आणि मायाळू माणसे म्हणून वाढली.

त्यांना तारले कशाने? संशोधकांना जी कारणे आढळली, त्यांत मुलाच्या मनमिळाऊ स्वभावाचा वाटा होता. परंतु एक कारण पुन्हा पुन्हा दिसले. ह्या मुलांपैकी प्रत्येकाच्या आयुष्यात मनापासून जीव लावणारे आणि खंबीर असे निदान एक तरी वडील माणूस होते. ते आईबापच असले पाहिजेत असे नव्हते. कोणाची आजी होती, कोणाची मावशी, कोणाचा शिक्षक, कोणी शेजारी. आणि ज्यांना तारुण्याच्या उंबरठ्यावर ठेच लागली होती, त्यांच्यापैकीही बहुतेकजण तिशी-चाळिशीपर्यंत सावरलेले आढळले. कोणाला पुन्हा शिकण्याची संधी मिळाली, कोणाला चांगला जोडीदार लाभला, कोणाला सैन्यातील नोकरीने शिस्त लावली. अठराव्या वर्षी ह्यांच्या नावापुढे रेघ मारली असती, तर ती रेघ चुकीची ठरली असती.

रेघेचा उल्लेख आला, म्हणून आता मला माझ्या एका रेघेविषयी सांगितले पाहिजे. पुष्कळ वर्षे हे मी कोणापाशी बोललो नाही. परंतु आज ह्याच व्यासपीठावरून बोलत असताना ते लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१९९८ साली मी आपल्या शिष्यवृत्ती समितीवर होतो. निधी थोडा आणि अर्ज पुष्कळ, म्हणून दहावीला ६० टक्क्यांची अट आम्ही ठरविली होती. अर्ज छाननीचे काम माझ्याकडे आले. मी दुपारी महाविद्यालयात 'व्यक्तिभिन्नता' ह्या विषयावर पाठ दिला आणि त्याच संध्याकाळी घरी बसून तांबड्या पेन्सिलीने अर्जांच्या यादीवर ६० टक्क्यांची रेघ ओढली. त्या रेघेच्या खाली एका मुलाचा अर्ज होता. वडील वारलेले, आई घरोघरी पोळ्या लाटावयास जाणारी, मुलगा पहाटे दुधाच्या पिशव्या टाकून मग शाळेत जाणारा. गुण ५५ टक्के. त्याने अर्जासोबत, कोणी मागितल्या नसताना, आठवी, नववी आणि दहावी अशा तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका जोडल्या होत्या. रेघेच्या वर ज्या मुलांची नावे होती, त्यांत एक ७० टक्क्यांचा मुलगा होता. त्याला शिष्यवृत्ती मिळाली. ती त्याला मिळू नये असे मी म्हणत नाही.

पुढे दहाबारा वर्षांनी ज्ञातीतील एका लग्नात पंगतीला एक तरुण माझ्या शेजारी येऊन बसला. त्याने नाव सांगितले, परंतु मला ओळख लागली नाही. मग तो म्हणाला, "सर, माझा अर्ज आपल्याकडे आला होता. अर्ज नामंजूर झाला ह्याचे मला वाईट वाटत नाही, नियम तो नियम. पण एक विचारू का? मी तीन गुणपत्रिका जोडल्या होत्या. त्या कोणी वाचल्या होत्या का?"

मी त्याला काय उत्तर देणार? मी त्या वाचल्या नव्हत्या. घरी येऊन मी जुन्या कागदांतून छाननीची फाइल शोधून काढली. आठवीत ३९, नववीत ४६, दहावीत ५५. दरवर्षी वर चढणारी ती रेषा त्याने माझ्या हातात आणून दिली होती आणि मी तिच्यातला केवळ शेवटचा बिंदू पाहिला. त्याच फाइलीत त्या दुसऱ्या मुलाच्या शाळेने पाठविलेली माहितीही होती. आठवीत ८४, नववीत ७७, दहावीत ७०. त्याच्या घरी काय बिघडले होते, तो दरवर्षी का घसरत होता, हेही आम्ही कोणी विचारले नाही. त्याला पैसे दिले आणि आपले कर्तव्य संपले असे मानले. म्हणजे दोन्ही मुलांच्या बाबतीत आम्ही चुकलो. एकाची चढण दिसली नाही, दुसऱ्याची उतरण दिसली नाही.

तो तरुण दहावीनंतर शिकला नाही. तो कष्टाळू आहे, स्वतःचा लहानसा व्यवसाय चालवितो, आईला त्याने सुखात ठेविले आहे. त्याच्या आयुष्याविषयी हळहळ करण्याचा मला अधिकार नाही. परंतु त्याने विचारलेला प्रश्न माझ्या मनातून जात नाही, आणि तो प्रश्न केवळ मला विचारलेला नव्हता, आपल्या संस्थेला विचारलेला होता, अशी माझी भावना आहे.

ह्या ठिकाणी एक इशारा देणे आवश्यक वाटते. मी सरासरीची थट्टा केली, ह्याचा अर्थ सरासरी निरुपयोगी आहे असा कोणी करू नये. रस्त्यावरील मैलाचा दगड प्रवाशाला चालवीत नाही, परंतु वाट चुकल्यास तो सावध करतो. दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, हाकेला वळून पाहत नसेल, आलेले शब्द विसरू लागले असेल, तर 'आमच्या घराण्यात सगळेच उशिरा बोलतात' असे म्हणून स्वस्थ बसू नये; ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. ऐकू न येणे किंवा दृष्टिदोष ह्यांसारख्या गोष्टी वेळीच कळल्या तर पुष्कळ काही करता येते. सरासरीने आपल्याला प्रश्न विचारावयास लावावे. उत्तर मात्र त्या मुलाकडे पाहूनच शोधावे.

आता कार्यकारी मंडळापुढे आणि आपणां सर्वांपुढे मी नम्रपणे तीन सूचना ठेवतो.

पहिली सूचना शिष्यवृत्तीविषयी. अर्जासोबत एका वर्षाची गुणपत्रिका न मागता लागोपाठच्या तीन वर्षांच्या मागाव्यात, आणि त्या वाचाव्यात. गुणवत्तेची शिष्यवृत्ती आहे तशीच राहू द्यावी. परंतु निदान काही शिष्यवृत्त्या अशा असाव्यात, की ज्या स्वतःच्याच मागील वर्षाच्या तुलनेत जो पुढे गेला त्याला मिळतील. पुढील वर्षी ह्या व्यासपीठावर ३९ वरून ५५ वर आलेल्या मुलाचेही नाव पुकारले जावे.

दुसरी सूचना वडील मंडळींविषयी. पैशापेक्षा दुर्मिळ अशी एक वस्तू आपल्या ज्ञातीत विपुल आहे, ती म्हणजे सेवानिवृत्त, अनुभवी आणि रिकामा वेळ असलेली माणसे. संस्थेने साहाय्य दिलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे असे एक वडील माणूस नेमावे. त्याने महिन्यातून एकदा त्या मुलाला भेटावे, चौकशी करावी, त्याच्या घरी चहा घ्यावा. उपदेश करू नये, ऐकून घ्यावे. कौआई बेटावरील मुलांना ज्या एका माणसाने तारले, तसे माणूस आपल्यापैकी प्रत्येकाला होता येते. त्याला पदवी लागत नाही.

तिसरी सूचना घरातील माताभगिनींविषयी, आणि वडिलांविषयीही, कारण हे काम केवळ आईचे नव्हे. प्रत्येक मुलासाठी एक साधी वही करावी. महिन्यातून एकदा तारीख घालून दोनच ओळी लिहाव्यात. मागील महिन्यात न जमणारे असे ह्या महिन्यात काय जमले? सदऱ्याची गुंडी स्वतः लावली, भांडण झाल्यावर स्वतः जाऊन बोलला, भागाकार चुकला पण कोठे चुकला ते स्वतःच शोधले, एवढेच. शेजारच्या मुलाचे नाव ह्या वहीत कधीही येऊ नये. दोन-तीन वर्षांनी ती वही उघडून पाहाल, तेव्हा मुलाच्या वाढीची स्वतःची रेषा आपल्याला दिसू लागेल आणि मुलगा मोठा झाल्यावर त्याच्या हाती देण्यास ह्याहून मोलाची ठेव दुसरी नसेल. मोंबेयारने आपल्या मुलाची केवळ उंची मोजली. आपण त्याचे मन जाणून घेऊ.

मागच्या रांगांत बसलेल्या माझ्या बालमित्रांनो, तुम्हांला एकच सांगावयाचे आहे. आज तुमचे नाव पुकारले गेले नाही, ह्याचा अर्थ आजच्या मोजपट्टीवर तुमची नोंद झाली नाही, एवढाच आहे. मागील वर्षीचे तुम्ही आणि ह्या वर्षीचे तुम्ही, ह्यांत काय फरक पडला, हे स्वतःशी प्रामाणिकपणे पाहा. फरक चांगला असेल तर तो घरी अभिमानाने सांगा. नसेल, तर कोणातरी वडील माणसाला मोकळेपणाने सांगा. ऐकणारे कोणी सापडले नाही, तर माझ्याकडे या. गुणपत्रिका आणावयाच्या असतील तर तिन्ही आणा; मी त्या वाचीन.